पुढून, डावीकडून

ग्लव्हबॉक्समध्ये एक वही आहे,
कोपरे तेल पिऊन पारदर्शक झालेली.
जुनं घर घेतलं की मांजर मिळतं फुकट
तशी ही मला गाडीबरोबर मिळाली.

पहिलं अक्षर ऑरव्हिल हुसरचं. टोकदार पेन्सिल.
दर तीन हजार मैलांनी तेल, तारीख, किंमत
आणि शेवटी, का कुणास ठाऊक, हवामान:
'फिल्टर, चार डॉलर एकोणीस. तळ्यावरून वारा.'
'मागचे ब्रेक. ढगाळ.'
अकरा वर्षं असं.
मग एका पानावर अक्षर थरथरतं
आणि पान उलटलं की तो नाही.

दुसरा कुणी टेरेल, निळ्या शाईचा, घाईचा.
सीटच्या फटीत त्याची पिझ्झाची बिलं अजून निघतात.
त्याने लिहिलंय: 'ब्रेक. अर्धे.'
अर्धे म्हणजे काय
ते मला जानेवारीत कळलं,
स्टेट स्ट्रीटच्या उतारावर,
समोर गोठलेली खाडी आणि लाल सिग्नल.

तिसरी मी. व्हर्ना.
रात्रभर वृद्धाश्रमाच्या चादरी धुते
आणि सकाळी पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून
हिच्या पोटाखाली शिरते.
नट फिरत नाहीत. तेल मारायचं, थांबायचं,
हातोडीने हलकेच विचारायचं, पुन्हा थांबायचं.
सहापैकी दोन तुटतातच.
तुटताना जो आवाज येतो
त्याने माझ्या पोटात खड्डा पडतो, दर वेळी.

ईरीत चार महिने रस्त्यावर मीठ असतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
इथे मीठच खातं.
दारांखालचा पत्रा बोटाने दाबला तर
बिस्किटासारखा चुरा होतो.
आणि जागते ती गाडी.
उणे अठराला, दुसऱ्या किल्लीत,
खोकून, शिव्या देऊन, पण जागते.

मागचं एक दार हिरवं आहे. बाकी गाडी साखरेच्या चहाची.
ते दार भंगारच्या आवारातलं,
जिथे हिच्याच वर्षाच्या, हिच्याच बांध्याच्या सात-आठ जणी
चाकांविना ओळीत उभ्या होत्या.
बिजागऱ्या सोडवताना सीटखाली सापडला
लहान मुलाचा एक मोजा, बदकांचा.
पैसे दाराचेच दिले होते.
मोजा होता तिथे ठेवला.

लुबोमिर म्हणतो, 'व्हर्ना, हिशेब कर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.'
बिलाच्या पाठीवर आकडा लिहितो,
माझ्याकडे बघतो,
खोडून दुसरा लिहितो.
मग लिफ्ट खाली घेतो इतकी हळू
की वाटावं आत कुणी झोपलंय.

आणि तो आवाज.
ऑरव्हिलने नोंदवलेला, अकराच्या ऑक्टोबरात:
'पुढून, डावीकडून. सापडला नाही. ऊन.'
टेरेलने नुसतंच 'तो आवाज', खाली दोन रेघा.
मी शॉकअप बदलले, बेअरिंग बदललं,
रबरं बदलली, एकदा तर टायर बदलून पाहिला.
वीस ते तीसच्या मधे, उजवीकडे वळताना,
कुणी आपलं बोलणं ऐकत असल्यासारखं
'हं' म्हणते.

आज वार्षिक तपासणीत पास झाली.
लुबोमिरने काचेवर स्टिकर लावलं,
अंगठ्याने कडा दाबल्या, काही बोलला नाही.
मी वही काढली. लिहिलं:
'दोन लाख एक्केचाळीस हजार तीनशे सहा. पट्टा बदलला.
आवाज आहे.'
हवामान लिहायचं नव्हतं मला.
लिहिलं: 'बारीक बर्फ, आडवा.'

मग घरी येताना वळणावर
काच खाली घेतली, नीट ऐकावं म्हणून.
आता ती वर येत नाहीये.